शनिवारची दुपार

आमच्या अण्णांवर एक आरोप होता आणि तो त्यांनी जन्मभर मुकाट्याने ऐकून घेतला. अण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. सोलापुरातल्या एका गिरणीत ते मागखात्यात होते. दोन माग चालवीत. अंगाने शिडशिडीत, बोलणे कमी, आणि गिरणीत आयुष्य काढलेल्या माणसाला जसे थोडे कमी ऐकू येते तसे त्यांनाही येई. पण आरोप मात्र त्यांना नीट ऐकू येत असे, कारण तो दरवर्षी दिवाळीच्या फराळाबरोबरच घरात येई.

तो आणणारे गृहस्थ शाळेत कवायत आणि खेळ शिकवून निवृत्त झालेले होते. आम्ही त्यांना गुरुजी म्हणत असू. चकलीचा पहिला तुकडा मोडला की त्यांना १९३७ सालच्या हिवाळ्यातला तो सामना आठवे. त्यांनी शाळेचे माजी विद्यार्थी आणि गिरणीतली चार तरुण पोरे मिळून फुटबॉलचा एक संघ उभा केला होता. बाहेरगावचा एक बरा संघ सोलापुरास आला, शनिवारी दुपारी साडेतीनला सामना ठरला, आणि मैदानावर आमचे दहाच गडी उतरले. अकरावे अण्णा. मधल्या फळीतला खांबच आला नाही म्हटल्यावर व्हायचे तेच झाले. चार गोल की पाच, याबद्दल गुरुजींची आठवण दरसाल बदले. निष्कर्ष मात्र बदलत नसे. ते म्हणत, “अहो, फुटबॉल आपल्या लोकांच्या रक्तातच नाही. अकरा माणसे एका वेळी एका ठिकाणी येत नाहीत, तिथे खेळ कसला?”

अण्णा यावर काही बोलत नसत. चिवड्याची ताटली गुरुजींच्या बाजूला सरकवीत.

ही गोष्ट इतक्यावरच राहिली असती तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो. परंतु १९६३ च्या दिवाळीत मी वीस वर्षांचा होतो, कॉलेजात संख्याशास्त्र शिकत होतो, आणि नुकत्याच शिकलेल्या विद्येची खुमखुमी अंगात होती. भारताने आदल्याच वर्षी जकार्त्याच्या आशियाई सामन्यांत फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले होते. कोणीतरी ते गुरुजींना सांगून पाहिले. ते म्हणाले, “ते हैदराबादचे नि कलकत्त्याचे. आपले कोण होते त्यात?” आणि मग मी पुढे सरसावलो. वाचनालयातल्या एका इंग्रजी साप्ताहिकात मी बर्नली गावाविषयी वाचले होते. लँकाशायरमधले हे कापडगिरण्यांचे गाव. वस्ती सुमारे ८० हजार. १९६० साली या गावाचा संघ साऱ्या इंग्लंडचा विजेता झाला होता. १९६१ च्या शिरगणतीत आमच्या सोलापूरची वस्ती सुमारे ३ लाख ३७ हजार. म्हणजे बर्नलीच्या चौपट. तेही गिरण्यांचे गाव, हेही गिरण्यांचे गाव. मग चार बर्नल्या मावतील एवढ्या शहरातून नाव घेण्याजोगा एक फुटबॉलपटू निघू नये, याचा अर्थ काय? मी भागाकार करून दाखवला आणि गुरुजींनी माझी पाठ थोपटली.

अण्णांनी तेवढ्यापुरते तोंड उघडले. म्हणाले, “तिथे शनिवारी भोंगा किती वाजता होतो रे?”

मला ती थट्टा वाटली. सगळे हसले. अण्णाही थोडे हसले, आणि विषय संपला.

पुढे मी संख्याशास्त्र शिकवूनच पोट भरले. निवृत्तीनंतर नातवाच्या संगतीने रात्री-बेरात्री परदेशी सामने पाहू लागलो आणि ध्यानात आले की मधल्या काळात इकडे माझ्या विद्येने तिकडे फुटबॉलचे मैदान पार बळकावले आहे. खेळाडू किती पळाला, कोणत्या जागेवरून मारलेल्या चेंडूचा गोल होण्याचा संभव शंभरात किती, याचे आकडे पडद्यावर येतात. या सगळ्यांचा मूळपुरुष शोधू गेले तर एक जमाखर्चाचा माणूस सापडतो. चार्ल्स रीप हा ब्रिटिश विमानदलात हिशेबखात्याचा अधिकारी होता. १८ मार्च १९५० रोजी स्विंडन गावात एक कंटाळवाणा सामना पाहताना मध्यंतरानंतर त्याने खिशातून पेन्सिल काढली आणि स्विंडनच्या संघाची प्रत्येक चाल टिपून ठेवायला सुरुवात केली. पुढे कित्येक वर्षे तो हेच करीत राहिला. १९६८ साली त्याचा आणि बर्नार्ड बेंजामिन यांचा निबंध लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला.

रीपने काढलेला निष्कर्ष असा, की दर दहा गोलांपैकी सुमारे आठ गोल तीन किंवा त्याहून कमी पासांच्या चालीतून होतात. तेव्हा मैदानभर चेंडू खेळवीत बसू नका, उचलून पुढे मारा. इंग्लंडात पुष्कळांनी हा उपदेश शिरोधार्य मानला. त्यात एक मेख होती, ती पुढे इतरांनी दाखवून दिली. मुळात सामन्यातल्या शंभर चालींपैकी नव्वदाहून अधिक चाली तीन पासांच्या आतच संपतात. नव्वद टक्के चालींतून ऐंशी टक्के गोल होत असतील, तर आखूड चाल ही लांब चालीपेक्षा कमीच फळते! अंश रीपने चोख मोजला होता. छेद घ्यायचा राहिला.

हे वाचले त्या दिवशी मला रात्री झोप आली नाही. रीप बिचारा बाजूलाच राहिला, मला १९६३ ची दिवाळी आठवली. मीही छेद चुकवला होता. फुटबॉल काही शिरगणतीतली डोकी खेळत नाहीत. तो रिकाम्या वेळात, उजेडात, मोकळ्या जागेवर, पोटात काही असलेली माणसे खेळतात. बर्नली आणि सोलापूर यांची तुलना करायची तर डोक्यांनी भागून चालणार नव्हते, तासांनी भागायला हवे होते. अण्णांनी विचारले होते तेच.

सायमन कुपर आणि स्टीफन शिमान्स्की या दोघांनी, एक वार्ताहर नि दुसरा अर्थशास्त्राचा प्राध्यापक, २००९ साली फुटबॉलच्या अर्थकारणावर एक पुस्तक लिहिले. त्यांनी राष्ट्राराष्ट्रांतल्या हजारो सामन्यांचे निकाल घेऊन हिशेब मांडला. त्यात असे दिसले की देशाची लोकसंख्या दुप्पट असली तर सामन्यामागे जेमतेम गोलाचा दहावा भाग पदरात पडतो, दरडोई उत्पन्न दुप्पट असले तरी तेवढाच, आणि खेळण्याचा अनुभव दुप्पट असला तर अर्ध्या गोलाहून थोडा जास्त. आपल्याकडे सभेत कोणीतरी उठून ‘एवढ्या कोटींच्या देशात अकरा माणसे मिळत नाहीत’ असे म्हणतो आणि टाळ्या पडतात. कोटींना इथे फारशी किंमत नाही. किंमत आहे ती पिढ्यान् पिढ्या खेळत आलेल्या दुपारींना. तेव्हा त्या दुपारी कोणाला मिळाल्या आणि कोणाला नाही, हे पाहणे आले.

लँकाशायरपासून सुरुवात करू. १८५० च्या कारखाना कायद्याने तिथल्या कापडगिरण्यांत बायका आणि अल्पवयीन मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला बंद करावे असे ठरले. पुरुषांविषयी कायदा काही बोलत नव्हता. परंतु बायका-पोरे निघून गेल्यावर गिरणी चालणार कशी? तेव्हा पुरुषांनाही सुटी मिळाली. १८७४ च्या कायद्याने आठवड्याचे तास साडेछप्पन्न झाले, १९०१ मध्ये साडेपंचावन्न झाले आणि शनिवारचा भोंगा बाराच्या सुमारास होऊ लागला. तिकडे हिवाळ्यात चार वाजता अंधार पडतो आणि रविवारी खेळणे धर्माला मंजूर नव्हते. उरली शनिवारची दुपार. साऱ्या गावाला एकाच वेळी मोकळीक, हातात ताजा पगार, आणि अडीच-तीनला सामना. इंग्रजी फुटबॉलमधला तीनचा ठोका अजून प्रसिद्ध आहे. तो गिरणीच्या भोंग्याने ठरवून दिला.

फळे लगेच दिसू लागली. बोल्टनचा संघ १८७४ चा, ब्लॅकबर्न रोव्हर्स १८७५ चा, बर्नली १८८२ चा. आपल्या सोलापूरची जुनी गिरणी, जी मोरारजी गोकुळदासांनी उभी केली, ती सुरू झाली १८७७ साली. म्हणजे ही सगळी एकाच पाळण्यातली मुले. १८८३ मध्ये ब्लॅकबर्न ऑलिंपिक या संघाने इंग्लंडच्या चषकाच्या अंतिम सामन्यात ओल्ड ईटोनियन्सना २-१ असे हरवले. हरणारे ईटनसारख्या खानदानी शाळेचे माजी विद्यार्थी, जिंकणाऱ्यांत विणकर, कातणारे, लोखंडकाम करणारे. विजयी गोल मारणारा जिमी कॉस्टली हा गिरणीत सूत कातीत असे. पाच वर्षांनी, १८८८ मध्ये, जगातली पहिली फुटबॉल लीग स्थापन झाली तेव्हा तिच्या बारा संघांपैकी सहा एकट्या लँकाशायरचे होते.

इथे एका गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष वेधायचे आहे, कारण अण्णांच्या खटल्यात ती कळीची आहे. ऑलिंपिकचा संघ अंतिम सामन्यापूर्वी काही दिवस समुद्रकाठी ब्लॅकपूलला सरावासाठी जाऊन राहिला होता. गिरणीतली माणसे काम सोडून समुद्रावर कशी गेली? त्याचा खर्च सिडनी येट्स नावाच्या गावातल्या ओतारखान्याच्या मालकाने उचलला होता. खेळासाठी कामावर न गेलेल्या दिवसाची मजुरी भरून द्यावी की न द्यावी, यावर त्या काळी इंग्लंडात रणे माजली. फुटबॉलवाल्यांनी १८८५ मध्ये पैसे घेऊन खेळणे कायदेशीर ठरवले. रग्बीवाल्यांनी नाही म्हटले, आणि १८९५ मध्ये उत्तरेकडचे संघ फुटून निघाले. आपल्या गिरणीच्या भाषेत बोलायचे तर भांडण खाड्याचे होते. खाडा कोणी सोसायचा, खेळाडूने की दुसऱ्या कोणी?

आता सोलापूर. आपल्याकडे पुष्कळशा गिरण्यांच्या चात्या आणि माग लँकाशायरच्या कारखान्यांतूनच पेटाऱ्यांत भरून आले. शनिवारची दुपार त्या पेटाऱ्यांत आली नाही. १८८१ चा पहिला कायदा फक्त मुलांपुरता होता. साप्ताहिक सुटीसाठी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांना झगडावे लागले. फुल्यांच्या या सत्यशोधक अनुयायाने गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, अर्ज केले, आणि १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढच्या वर्षी कायद्यातही आठवड्याची सुटी आली. गंमत अशी की हिंदी कामगारांचे तास कमी करा म्हणून लँकाशायरचे गिरणीमालकही ओरडत होते. त्यांचा कळवळा कापडाच्या भावाचा होता, हे उघड आहे.

प्रौढ पुरुषाच्या दिवसाला मर्यादा घातली ती १९११ च्या कायद्याने. कापडगिरणीत बारा तास. त्यापूर्वी विजेचे दिवे आल्यावर काही गिरण्या त्याहूनही जास्त चालत. बारा तास गुणिले सहा दिवस म्हणजे आठवड्याला बहात्तर. लँकाशायरमध्ये त्या वेळी साडेपंचावन्न. फरक साडेसोळा तासांचा. फुटबॉलचा सामना दीड तासाचा. साडेसोळाला दीडने भागले तर बरोबर अकरा येतात. लँकाशायरच्या विणकराला सोलापूरच्या विणकरापेक्षा दर आठवड्याला अकरा सामन्यांइतका वेळ जास्त होता.

हे १९११ साल आपल्या फुटबॉलच्या इतिहासात सोन्याचे म्हणून ओळखले जाते. त्या वर्षी २९ जुलैला कलकत्त्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. अकरांपैकी दहा जण अनवाणी होते. पायांत बूट नव्हते याचे कौतुक सगळे करतात. मला वाटते, ते लोक करीत काय होते हेही पाहावे. कोणी विद्यार्थी, कोणी प्राध्यापक, कोणी सरकारी नोकर. विद्यार्थ्याला आणि कचेरीतल्या माणसाला संध्याकाळ असते. अनवाणी तर सोलापूरचा मागवालाही होता, पण सूर्य मावळला तरी तो मागापुढेच असे.

राहता राहिली आठवड्याची सुटी. ज्याने गिरणी कामगाराचे घर पाहिले आहे त्याला तो दिवस कसा जातो हे सांगायला नको. बाजार, धुणे, सावकाराकडे खेप, गावाकडचे माणूस येणे, नाही तर नुसते आडवे होणे. १९२० नंतरच्या दशकात मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने सोलापूरच्या कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची मुद्दाम चौकशी केली होती. पुढे पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ यांचा सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक अभ्यासाचा ग्रंथ १९६५ मध्ये निघाला. हा ग्रंथ मी फुटबॉलसाठी वाचला असे म्हटले तर संस्थेतली मंडळी हसतील. परंतु सोलापूर म्हणजे नुसती गिरणी नव्हे, तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांचे घरोघरचे हातमाग आहेत, हे ध्यानात ठेवल्याशिवाय या शहराचा वेळ कुठे जातो ते कळत नाही. घरच्या मागाला तर भोंगाही नसतो. बायको कांड्या भरते, पोर धागा जोडते, आणि पडेल तितके काम हीच वेळ. शिवाय शहराच्या कडेला तारेच्या कुंपणात सेटलमेंट होती. ज्या जमातींवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला होता त्यांची माणसे तिथून गिरणीत कामाला येत आणि हजेरी द्यायला परत कुंपणात जात. तो शिक्का पुसला गेला १९५२ साली. त्यांनी सायंकाळी संघ काढायला हवा होता, असे गुरुजीही म्हणाले नसते.

कायद्याचे तास हळूहळू उतरत गेले. १९२२ मध्ये आठवड्याला साठ, १९३४ च्या कायद्याने चोपन्न. आणि इथे अण्णांच्या १९३७ पर्यंत आपण येऊन पोचतो.

चोपन्न तास हा आकडा पाहून मी प्रथम चपापलो. लँकाशायर १९१९ मध्ये अठ्ठेचाळीसवर आले होते हे खरे, पण १९०१ चे साडेपंचावन्न तास घेऊन त्या गावांनी इंग्लंडभर नाव केले होते. मग चोपन्न तासांत आमच्या लोकांना का जमू नये? गुरुजी जिंकणार असे वाटू लागले. मग मी तासांची बेरीज सोडून त्यांची मांडणी पाहिली. चोपन्न तास दोन प्रकारे भरता येतात. पाच दिवस दहा-दहा आणि शनिवारी चार, म्हणजे अकराला सुटी. किंवा सहाही दिवस नऊ-नऊ. कायद्याला दोन्ही चालत होते. अण्णांच्या गिरणीत नऊ-नऊ होते. सात ते बारा, एक ते पाच, सोमवारी जसे तसेच शनिवारी. मालकाच्या दृष्टीने त्यात वावगे काही नव्हते. अर्ध्या दिवसासाठी बाष्पयंत्र तापवायचे, आणि दुपारी थंड करायचे, हा तोट्याचा व्यवहार. इंग्लंडात तो तोटा बायका-पोरांच्या नावाने कायद्याने गळ्यात मारला होता. इथे कोणी मारला नाही.

डिसेंबरात सोलापुरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. पाचला भोंगा, सामना साडेतीनला.

अण्णा त्या शनिवारी का आले नाहीत, हे मी त्यांना शेवटी विचारले ते ते निवृत्त होऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर, एका उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर. त्यांनी फार सहज सांगितले. खाडा केला असता तर दिवसाची मजुरी गेली असती, तिचे त्यांना तेवढे नव्हते. पण सकाळी गिरणीच्या दारात बदलीवाले उभे असत. माग रिकामा दिसला की जॉबर बदलीवाल्याला आत घेई. एकदा बदलीवाला मागावर बसला की तो उठेलच असे नाही, आणि जॉबराला काही चारल्याशिवाय तर नाहीच. घरी माझे आजोबा अंथरुणावर, माझे वडील शाळेत. अण्णांनी जॉबराला दोन तास लवकर सोडण्याविषयी विचारले होते. तो म्हणाला होता, “चेंडूला लाथ मारायला?” अण्णांना तेवढे पुरले. ते पाचला सुटले, धावत मैदानावर गेले, तेव्हा गोलाचे बांबू उपटणे चालले होते.

“मग गुरुजींना हे सांगितलेत का नाही, अण्णा?” मी विचारले.

“त्यांना माहीत होतं,” अण्णा म्हणाले.

यावर कोणी म्हणेल की वेळेचाच सगळा खेळ असेल तर कोल्हापूरचे काय? प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात फुटबॉलचे खरे वेड कुठे असेल तर ते कोल्हापुरात. तिथे पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे सामने म्हणजे पेठापेठांच्या इभ्रतीचा मामला असतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. या संघांची नावे पाहा. निम्म्यांत ‘तालीम’ आहे. शाहू महाराजांनी कुस्तीला जो राजाश्रय दिला त्यातून पेठेपेठेत जागा, आखाडा आणि तिथे संध्याकाळी जमण्याची सवय तयार होती. फुटबॉल त्या तयार घरात राहायला आला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन निघाली तीही राजाश्रयाने. कोल्हापुरात शाहू मिल होती, नाही असे नाही. पण पेठांतला माणूस बहुतेक आपल्या वेळेचा आपण मालक होता. सकाळी धारा काढणारा, दुपारी दुकानात बसणारा आणि संध्याकाळी मोकळा.

हैदराबादचे उत्तर आणखी सरळ आहे. मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ मध्ये गोऱ्या पलटणींनी सुरू केली. हैदराबाद सिटी पोलिसांनी ती १९५० ते १९५४ अशी लागोपाठ पाच वर्षे जिंकली. त्यांना घडवणारे सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शिक्षक. जकार्त्याचे सुवर्णपदक त्यांच्याच हाताखालचे. आमच्या गल्लीतली तेलुगू मंडळी त्या विजयांवर आपलाही थोडा हक्क सांगत, कारण हैदराबाद त्यांना पुण्यापेक्षा जवळचे वाटे. त्या संघातल्या पोरांना पोलिसात नोकरी होती. खेळणे हीच ड्यूटी, त्यामुळे खाड्याचा प्रश्नच मिटला. मुंबईत टाटा, मफतलाल, कॅलटेक्स यांनी संघ बाळगले, गोव्यात खनिजाच्या व्यापाऱ्यांनी, धेंपे आणि साळगावकरांनी. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला आणि मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले, तो काळ या आश्रयाचा. पण असा आश्रय ताळेबंदाच्या एका ओळीवर उभा असतो. राष्ट्रीय लीग जिंकून चार वर्षे होतात न होतात तोच, २०१० मध्ये, महिंद्र युनायटेड हा संघ कंपनीने बंद केला. साळगावकर आणि धेंपे २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले.

आमच्याच गावातला एक उलटा दाखलाही देतो. पॉली उम्रीगर, ज्यांनी १९५५ मध्ये न्यूझीलंडविरुद्ध भारताचे कसोटीतले पहिले द्विशतक काढले, त्यांचे बालपण सोलापुरात गेले. म्हणजे इथल्या पाण्यात काही उणे नव्हते. वडिलांचा कपड्यांचा व्यवसाय होता. मागावर कोणाला बसायचे नव्हते.

आणि बर्नली? १९६० सालचे ते गाव, ज्याने मी अण्णांना हरवले होते? त्या काळी इंग्लंडात फुटबॉलपटूला आठवड्याला वीस पौंडांहून जास्त पगार देता येत नसे, मग गाव लंडन असो की बर्नली. जानेवारी १९६१ मध्ये ही मर्यादा उठली आणि वर्ष संपण्याच्या आत लंडनच्या फुलहॅम संघाचा जॉनी हेन्स शंभर पौंड मिळवू लागला. कुपर-शिमान्स्कींनी १९७८ ते १९९७ या काळातले चाळीस इंग्रजी संघ तपासले तेव्हा लीगमधल्या क्रमांकांतला ९२ टक्के फरक नुसत्या पगाराच्या आकड्यावरून उलगडला. बर्नलीला तो विजेतेपदाचा मान पुन्हा मिळालेला नाही. शेजारच्या ब्लॅकबर्नला १९९५ मध्ये मिळाला, तो जॅक वॉकर या पोलादाच्या व्यापाऱ्याने थैली मोकळी सोडली म्हणून. म्हणजे बर्नलीच्या पोरांचे रक्तही १९६१ नंतर पातळ झाले म्हणायचे काय?

गुरुजी जाऊन फार वर्षे झाली. अण्णाही गेले. गिरण्यांचे भोंगे थांबले. आता आमच्या भागात यंत्रमाग आहेत, चादरी आणि टॉवेल निघतात, आणि त्यांची खडखड संध्याकाळी माझ्या खोलीपर्यंत येते. समोरच्या कारखान्यावर एक विशीतला मुलगा आहे. माझ्या नातवाच्या पायातला चेंडू चुकून त्याच्याकडे गेला तेव्हा त्याने तो छातीवर घेऊन, खाली न पडू देता, गुडघ्यावरून असा परत पाठवला की आम्ही दोघे बघत राहिलो.

“कुठे खेळतोस रे?” मी विचारले.

“कुठे नाही, आजोबा. बारा तासांची पाळी असते.”

“आणि सुटीला?”

“दिवाळीत चार दिवस माग बंद असतात, तेव्हा खेळतो,” तो म्हणाला, आणि आत गेला, कारण त्याच्या एका मागावरचा धागा तुटला होता.

बारा सक बहात्तर. नातवाला मी चेंडू उद्या सकाळी त्याच्याकडे देऊन यायला सांगितले आहे. उद्या वसुबारस, माग संध्याकाळपासून बंद.